नीती कुणाला विचारून ठरते?

एखाद्या पतपेढीत ठेवीदारांचे पैसे बुडाले किंवा म्हाताऱ्या आईबापांना मुलांनी घराबाहेर काढलं, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘माणसाला देवाची भीती उरली नाही.’ लगेच दुसऱ्या बाजूने उत्तर येतं, की बुडालेल्या पतपेढीच्या चेअरमननेच तर गावातल्या देवळाचा कळस बसवला होता, त्याचं काय? नीतीला देव लागत नाही. माणूस टोळी करून राहायला लागला तेव्हाच एकमेकांना सांभाळून घ्यायचे नियम तयार झाले, धर्माने मागाहून त्यांवर शिक्का मारला. पुढचा तासभर काय बोललं जातं ते कुणाला सांगायला नको.

मला दुसरी बाजू जास्त पटते. निदान इतिहास म्हणून पटते. पण ती मांडणारे बहुतेक लोक मध्येच थांबतात. नीतीची मालकी धर्माकडून काढून समाजाच्या नावावर केली, सातबारा फिरवला, की प्रकरण मिटलं असं त्यांना वाटतं. समाज म्हणजे काय कुणी सज्जन गृहस्थ आहे? वाळीत टाकतो तोही समाजच, आणि आंतरजातीय लग्न केलं म्हणून पोटच्या पोरीला मारतो त्या बापाच्या पाठीशी उभा राहतो तोही समाजच. तेव्हा धर्म की समाज, या प्रश्नाचं उत्तर ‘समाज’ असं दिल्यावर खरा प्रश्न सुरू होतो.

तो हवेत सोडवण्यापेक्षा एका उदाहरणावर घासून पाहावा. विधवेचं उदाहरण घेतो. महाराष्ट्रात या विषयावर शंभर वर्षांहून जास्त वाद झाला, दोन्ही बाजूंनी शास्त्रं काढली, वर्तमानपत्रं चालवली, एकमेकांना शिव्या घातल्या. शिवाय तो वाद अजून संपलेला नाही.

एकोणिसाव्या शतकात पुण्यातल्या ब्राह्मण घरांत नवरा मेलेल्या मुलीचं केशवपन होत होतं. तिला लाल आलवण नेसवून माजघराच्या कोपऱ्यात बसवलं जात होतं. त्याच पुण्यात, तेच सणवार पाळणाऱ्या, त्याच गणपतीपुढे हात जोडणाऱ्या कितीतरी जातींत विधवेचा पाट लागत होता. पाटाला लग्नाएवढा मान नव्हता, तो रात्री, वाजंत्रीशिवाय उरकला जाई, हे खरं. पण तो लागत होता, संसार होत होता, मुलांना बापाचं नाव मिळत होतं. पेशवाईत तर पाटावर सरकारी कर होता, त्याला पाटदाम म्हणत. म्हणजे ज्या राज्यात ब्राह्मण विधवेचं दुसरं लग्न हे महापातक, त्याच राज्याच्या तिजोरीत दुसऱ्या जातीतल्या विधवेच्या दुसऱ्या लग्नाचे पैसे जमा होत होते. नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देऊन ज्यांचा खटला पुढे गाजला त्या रखमाबाईंची आई जयंतीबाई विधवा झाली आणि सुतार जातीच्या रिवाजाप्रमाणे तिने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी संसार मांडला. कुणाचा धर्म बुडाला नाही.

धर्म एकच होता आणि जात बदलली की पाप-पुण्य बदलत होतं. शिवाय एखाद्या जातीच्या हातात पैसा आला, तिला वरच्या पंगतीत बसायची इच्छा झाली, की ती आधी पाट बंद करी. विधवेला कोंडणं ही प्रतिष्ठेची खूण झाली होती. याला धर्माज्ञा कसं म्हणायचं? उतरंडीतल्या आपल्या जागेची राखण होती ती. पोथी नंतर उघडली जाई.

पोथी उघडणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं, आणि मला तो भाग सगळ्यात रंजक वाटतो. धर्मशास्त्रं म्हणजे दगडावरची रेघ, असा समज आस्तिकांचा जितका आहे तितकाच नास्तिकांचा. याज्ञवल्क्यस्मृतीत एक ओळ आहे: ‘अस्वर्ग्यं लोकविद्विष्टं धर्म्यमप्याचरेन्न तु’. शास्त्राला धरून असलं तरी लोकांना ज्याची चीड आहे ते करू नये. या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या काळातला. वाटणीत थोरल्या भावाला जास्त हिस्सा द्यावा असं जुनी वचनं सांगतात. विज्ञानेश्वर ती वचनं नाकारत नाही. तो म्हणतो, शास्त्रात असेल, पण लोकांना ते रुचत नाही, तेव्हा समान वाटण्या करा. नियोगाला, म्हणजे मूल व्हावं म्हणून बाईने नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषाकडे जाण्याच्या जुन्या चालीला, आणि यज्ञातल्या गोवधाला जे झालं तेच याला लागू. वाटण्यांचं प्रकरण आहे, मोक्षाचं नाही, असं कुणी म्हणेल. पण नियोग आणि यज्ञ यांची आठवण त्यानेच काढली आहे.

पुढच्या निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ लिहिणाऱ्यांनी, तर या सवलतीची यादीच केली. कलियुगात वर्ज्य म्हणून जुन्या काळी धर्म्य असलेल्या कितीतरी गोष्टी त्यांनी बाद केल्या. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात अशी पन्नासहून अधिक कलिवर्ज्यं मोजून दाखवली आहेत. अश्वमेध, मधुपर्कातला, म्हणजे पाहुण्याच्या सत्कारविधीतला, पशुवध, नियोग, थोरल्याचा जादा हिस्सा. वेद अपौरुषेय म्हणायचे आणि त्यांत सांगितलेलं ‘आता चालत नाही’ म्हणून बाजूला ठेवायचं, याला धाडस लागतं. ज्या मापाने वेदातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरलं, ते माप वेदातून आलेलं असणं शक्य नाही. ते लोकांच्या मनातून आलं. धर्म नीतीचा उगम असता तर ही यादी करायची वेळच आली नसती.

इथपर्यंत समाजवाल्यांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण कलिवर्ज्यांची यादी पुढे वाचावी. तिच्यात समुद्रपर्यटन आहे, असवर्ण विवाह आहे, आणि एकदा लग्न लागलेल्या मुलीचं पुन्हा लग्न लावणं हेही आहे. ज्या लोकमताने गायीला वाचवलं, त्याच लोकमताने विधवेची वाट बंद केली. यादी एकच, तर्क एकच.

मग ज्या लोकांना ‘चीड’ होती ते लोक कोण होते? विज्ञानेश्वराच्या लोकांत धाकटे भाऊ होते. त्यांची कुरकुर ऐकू येत होती, म्हणून समान वाटणी झाली. विधवेची कुरकुर लोकमतात धरलीच नव्हती. तिच्याविषयी मत होतं, तिचं मत नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की नीती समाजातूनच येते, पण समाजात कुणाकुणाची गणती होते यावर ती कशी असेल हे ठरतं. धर्म हा बहुतेक वेळा त्या गणतीचा कारकून असतो.

ही जुनी गोष्ट नाही. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. मुलीचे वडील गेलेले. आईने नोकरी करून दोन्ही मुलींना शिकवलं होतं, लग्नाचा हॉलसुद्धा तिच्याच पैशांनी घेतला होता. सकाळी ग्रहमखाची तयारी चालली होती. गुरुजींनी सुपाऱ्या मांडता मांडता सहज विचारलं, “पूजेला आई बसणार ना?” क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग मुलीच्या आत्या पुढे झाल्या. “नको गुरुजी, काका-काकू बसतील.” गुरुजी म्हणाले, “तशी मनाई काही नाही हो. हल्ली बसतात पुष्कळ ठिकाणी, मी स्वतः करून घेतलंय.” आत्याबाई हसून म्हणाल्या, “ते शास्त्राचं झालं. पण मुलाकडची माणसं आलीत. लोक काय म्हणतील?” मुलीची आई तिथेच उभी होती. “बसू देत त्यांना, मला चहाचं बघायचंय,” म्हणून ती आत गेली. ओटीचे खण, नारळ, तांदूळ घातलेली ताटं आदल्या रात्री तिनेच भरून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत एकाही ओटीला तिचा हात लागला नाही.

धर्माचा अधिकृत माणूस दार उघडत होता आणि समाज ते लोटून घेत होता. आत्याबाईंना आपण दुष्ट म्हणू शकत नाही. वहिनीच्या आजारपणात महिनाभर येऊन राहिलेली बाई आहे ती. मुलाकडच्या कुणी आक्षेप घेतला असता असंही नाही, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. विज्ञानेश्वराचं लोकविद्विष्ट आठशे-नऊशे वर्षं चालत त्या हॉलमध्ये येऊन बसलं होतं.

आता उलट बाजूची माणसं पाहू. एकोणिसाव्या शतकात विधवेच्या बाजूने कोण कोण उभं राहिलं? जोतीराव फुले निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा देव, मानणारे, पण पोथी आणि पुरोहित झुगारलेले. न्यायमूर्ती रानडे प्रार्थना समाजातले, एकेश्वरवादी. पंडिता रमाबाई संस्कृत शास्त्रं मुखोद्गत असलेल्या आणि 1883 मध्ये ख्रिस्ती झालेल्या. आगरकर देव मानायला नकार देणारे, ज्यांची जिवंतपणी पुण्यात प्रेतयात्रा काढली गेली. धोंडो केशव कर्वे हे कोकणातल्या सनातनी घरात वाढलेले, वादात फारसे न पडणारे गणिताचे मास्तर. बंगालमधले विद्यासागर हे तर कॉलेजात संस्कृत शिकवणारे पंडित. देवाबद्दल यांतल्या दोघांचंही एकमत झालं नसतं. विधवेबद्दल सगळ्यांचं झालं. नीती धर्मातून येत असती तर इतक्या वेगवेगळ्या वाटांनी निघालेली माणसं एकाच ठिकाणी पोचली नसती. ती पोचली कारण यांतल्या प्रत्येकाने तिला जवळून पाहिलं होतं. रमाबाई तर स्वतःच विधवा होत्या. फुल्यांच्या घरात फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवा बाळंत होत होत्या. बालहत्या प्रतिबंधक गृह त्यांनी 1863 मध्ये काढलं, आणि तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत हा पुढे जोतीराव-सावित्रीबाईंचा मुलगा झाला.

रानड्यांचं प्रकरण मात्र थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. पुनर्विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांची पहिली पत्नी 1873 मध्ये वारली. ते तिशीतले होते. सगळ्यांना वाटलं, आता हे विधवेशी लग्न करणार. वडिलांनी घाईघाईने अकरा वर्षांची मुलगी पाहिली आणि रानड्यांनी तिच्याशी लग्न केलं. रानड्यांची बुद्धी, विद्वत्ता, ईश्वरनिष्ठा यांत खोट काढायची कुणाची टाप नव्हती. त्यांना वाकवलं ते वडिलांनी, म्हणजे समाजाच्या सगळ्यात जवळच्या प्रतिनिधीने. वीस वर्षांनी, 1893 मध्ये, कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या विधवा. कर्वे मुरुडला गेले तेव्हा गावाने सभा भरवून ठराव केला: त्यांच्यावर बहिष्कार, आणि ते घरी उतरले तर घरच्यांवरही. ठराव करणारे काही गुंड नव्हते. कर्व्यांना लहानपणापासून ओळखणारी, त्यांच्या मुंजीत जेवलेली माणसं होती. 1958 मध्ये कर्व्यांना भारतरत्न मिळालं. अभिनंदनाची भाषणं करणाराही समाजच होता, आणि ‘आमच्या संस्कृतीतच हे होतं’ असं सांगायला धर्मही हजर होता.

1856 च्या पुनर्विवाहाच्या कायद्याची गोष्ट समाजवाल्यांना याहून अडचणीची आहे. विद्यासागरांनी पराशरस्मृतीतलं वचन काढलं: नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला, पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करता येतो. विरोधकांनी त्याच वचनाचा व्याकरणाने वेगळा अर्थ लावला. ते असो. शास्त्राचा सामना बरोबरीत सुटला असं म्हणू. पण सरकारकडे गेलेल्या अर्जांत विरोधकांच्या सह्या विद्यासागरांच्या बाजूच्या सह्यांहून कितीतरी पट जास्त होत्या. समाजाचा कौल हीच नीती, असं मानलं तर तो कायदा अनैतिक ठरतो. आणि तो झाला परक्या सरकारकडून. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यात पुन्हा तोच खेळ झाला. संस्कृत पंडित भांडारकर धर्मशास्त्रातून आधार काढत होते, टिळकांच्या बाजूचेही धर्मशास्त्रातूनच काढत होते, आणि वाद होता शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारा करायचा. कलकत्त्यात फुलमणी नावाची अशीच दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या हातून मेली होती. ‘आमच्या धर्मात परक्या सरकारने हात घालू नये’ हा मुद्दा राजकारण म्हणून समजू शकतो. नीती म्हणून समजत नाही.

गणतीत नसलेल्या माणसाने तोंड उघडलं की काय होतं, ते त्याआधीच्या दशकातल्या दोन बायकांनी दाखवलं. 1881 मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी एकूण स्त्रीजातीच्या अनीतीवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्यात बसलेल्या ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली. साहस, कपट, मूर्खपणा, जे जे दुर्गुण बायकांच्या नावावर मांडले जातात ते पुरुषांत किती भरले आहेत, बायको मेली की दहाव्या दिवशी दुसरी पाहणाऱ्यांना कोणतं शास्त्र लागतं, असं त्या रोखठोक विचारतात. देवांनाही त्या सोडत नाहीत. नीतीचं तेच कोष्टक, फक्त बघणारी व्यक्ती दुसऱ्या बाजूला उभी. दुसरी रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न, मोठी झाल्यावर नवऱ्याकडे जायला नकार, 1884 मध्ये नवऱ्याचा दावा, 1887 मध्ये कोर्टाचा हुकूम: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. त्या एका वाक्याने जे झालं ते शास्त्रार्थाच्या दहा सभांनी झालं नव्हतं. लोकांना पहिल्यांदा कळलं, की या खटल्यात एक पक्षकार बाईसुद्धा आहे.

केशवपनाचंही तसंच. या विधीला शास्त्र लागतं, मुहूर्त लागतो, घरच्या मोठ्यांची करडी नजर लागते, आणि शेवटी लागतो न्हावी. वस्तरा त्याच्या हातात. 1890 मध्ये मुंबईत कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरलं. धर्मसभेत ज्यांना बसायला जागा नव्हती अशी ही माणसं. त्यांना कुणी शास्त्रार्थ विचारला नव्हता आणि त्यांनी सांगितलाही नाही. हे काम आम्ही करणार नाही, एवढंच म्हणाले. त्या सभेने प्रथा लगेच बंद पडली नाही, पुढेही कितीतरी वर्षं सोवळ्या, म्हणजे केशवपन केलेल्या, बायका आपल्या घराघरांत होत्या. तरी नीतीच्या इतिहासात मी त्या सभेला परिषदांच्या ठरावांहून वर ठेवीन.

धर्माच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं मात्र मांडायला हवं, कारण धर्माची वकिली करणारे स्वतः ते क्वचितच मांडतात. ते स्वर्ग-नरकाच्या भीतीवर वेळ घालवतात. धर्म काही वेळा एकट्या माणसाला अख्ख्या समाजाविरुद्ध उभं राहायला जागा देतो. गाव विरोधात, जात विरोधात, घर विरोधात, तरी ‘विठ्ठल माझ्या बाजूला आहे’ म्हणणारा माणूस वाकत नाही. तुकोबांनी पाप-पुण्याचा हिशेब दोन शब्दांत मिटवला: ‘पुण्य परउपकार पाप ते परपीडा’, आणि याला दुसरी जोड नाही म्हणून सांगितलं. त्या हिशेबात सोवळं नाही, जात नाही, पोथी नाही. हे शब्द धर्माच्या आतूनच आले. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून. ते नास्तिक असते तर त्या उपोषणाला अर्थच नव्हता. फुल्यांचा निर्मिक, रमाबाईंचा ख्रिस्त हेही असेच कामी आले. समाजशास्त्राच्या पुस्तकातून हे बळ येत नाही, हे मान्य केलं पाहिजे.

पण दारात आडवे झालेलेही त्याच विठ्ठलाचे होते. त्यांचीही श्रद्धा खोटी नव्हती. श्रद्धा माणसाला खंबीर करते. खंबीरपणे काय करायचं हे ती सांगत नाही. तुकोबांना आणि त्यांच्या वह्या बुडवायला लावणाऱ्यांना वेगळं करणारी गोष्ट देवावरची निष्ठा ही नव्हती. परपीडा कुणाकुणाची मोजायची, इथे त्यांची फारकत झाली.

या दोन्ही बाजूंचा लेखाजोखा बाबासाहेब आंबेडकरांइतका कठोरपणे कुणी मांडलेला मला दिसत नाही. त्यांना दोन्ही गोष्टींचा अनुभव होता. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्येच तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता, म्हणजे कागदावर समाज तयार होता. 20 मार्च 1927 ला माणसं पाणी प्यायली तेव्हा तोच समाज काठ्या घेऊन आला, आणि पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. मग ज्याने पोथी जाळली, त्याने 1956 मध्ये लाखो लोकांसह धम्म का स्वीकारला? निव्वळ समाजाच्या भरवशावर नीती सोडायला ते तयार नव्हते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या त्यांच्या मृत्यूनंतर, 1957 मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते म्हणतात, की इतर धर्मांत नीती ही हवी तेव्हा जोडलेली आणि हवी तेव्हा सोडलेली गोष्ट असते. धम्मात देवाच्या जागीच नीती आहे. लगेच पुढे समाजवाल्यांनाही सुनावतात. चोरांच्या टोळीतही आपसात इमान असतं, व्यापाऱ्यांत असतं, एका जातीच्या माणसांत असतं. ही नीती आतल्या लोकांपुरती असते आणि बाहेरच्यांविरुद्ध वापरली जाते. म्हणून नीती नुसती असून भागत नाही, ती सर्वांसाठी एक आणि पवित्र मानलेली हवी. ‘पवित्र’ या शब्दाशी माझं जमत नाही, कारण पवित्र ठरलेल्या गोष्टीला प्रश्न विचारता येत नाहीत. बुद्धिवादाशी इमान राखणाऱ्या बाबासाहेबांना तो शब्द का लागला हे मात्र समजतं. महाडच्या तळ्यावर समाजाचा ठराव किती टिकतो ते त्यांनी पाहिलं होतं.

टोळीचं इमान म्हणजे काय, हे आज पाहायचं तर जातपंचायतीकडे पाहावं. तिथे बहुतेक वेळा पोथीचा संबंधच नसतो. रायगड-रत्नागिरीकडच्या गावांत माणसाला वाळीत टाकतात ते कुणी गावकीच्या विरोधात निवडणूक लढवली म्हणून, कुणी वर्गणी दिली नाही म्हणून, कुणी मनाने लग्न केलं म्हणून. दुकानदार सामान देत नाही, मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. अखेर महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, असा स्वतंत्र कायदा करणारं हे पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. समाजापासून माणसाला वाचवायला कायदा करावा लागतो, तर ‘नीती समाजातून येते’ हे वाक्य तसंच्या तसं कसं ठेवायचं? कंजारभाट समाजात नवऱ्या मुलीची कौमार्य चाचणी घेण्याच्या प्रथेविरुद्ध 2018 च्या सुमारास त्याच समाजातली तरुण मुलंमुली उभी राहिली, मार खाल्ला, बहिष्कार सोसले. ते बाहेरचे नव्हते, नास्तिकही असतील असं नाही. आपलीही गणती करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

यावर एक रास्त शंका निघते. ज्याचा आवाज निघेल तो गणतीत, असं म्हटलं तर जो मोठ्याने ओरडेल त्याची नीती होईल. हल्ली भावना दुखावलेल्यांचे मोर्चे रोज निघतात, तेही पीडितच म्हणवतात. फरक करता येतो. रखमाबाई स्वतःच्या आयुष्याचा हक्क मागत होत्या. संमतिवयाचे विरोधक दुसऱ्याच्या मुलीवरचा हक्क मागत होते. नियम कुणाच्या अंगावर पडतो हे पाहिलं की बहुतेक प्रकरणांचा निकाल लागतो. सगळ्यांचा लागत नाही. गर्भपात, इच्छामरण, प्राण्यांचा बळी, इथे ज्याच्या अंगावर पडतं तो बोलूच शकत नाही, आणि तिथे माझं हे माप अपुरं पडतं. देवाचं माप तिथे जास्त लांब जातं असं मला दिसत नाही, कारण देवाच्या वतीनेही माणसंच बोलतात.

4 मे 2022 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. करोनात कितीतरी तरुण बायकांवर ही वेळ आलेली सगळ्यांनी पाहिली होती. 17 मे रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. मुरुडच्या गावसभेने ज्या प्रकारचा ठराव कर्व्यांविरुद्ध केला होता, त्याच प्रकारचं हे हत्यार, उलट्या दिशेने चालवलेलं. तेव्हाच्या सभेत गोदूबाई नव्हत्या. आता ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यांत विधवाही निवडून येतात. त्यांच्या समोर बसून ‘ही प्रथा चांगली आहे’ म्हणायला पुरुषांना जड जातं. हा बदल कोणत्या कीर्तनातून आला नाही, आपोआप झालेल्या सामाजिक प्रगतीतूनही आला नाही. आरक्षणाच्या एका कलमाने कुणाला सभेत बसवायचं ते बदललं.

अशा ठरावांनंतर काही गावांतल्या म्हाताऱ्या बायका म्हणतात, आम्हाला नको तुमचं कुंकू, ज्याच्या नावाने लावत होतो तो गेला. काही सुधारक त्यावर चिडतात. चिडायचं कारण नाही. स्मशानातून आल्यावर तिच्या बांगड्यांवर दगड घालणारा हात दुसऱ्याचा असतो. ठराव त्या हाताविरुद्ध आहे. कपाळ मोकळं ठेवायचं की नाही, हे तिलाच विचारावं, आणि ती सांगेल ते ऐकावं.